आडतीच्या पेढीवरचे सॉफ्टवेअर: फ्रेमवर्क निवडीचा प्रश्न

पैठण तालुक्यातील पाचोड हे सोलापूर–धुळे महामार्गावरचे गाव मोसंबीच्या बाजारासाठी मराठवाड्यात ओळखले जाते. आंबिया आणि मृग या बहरांची फळे बाजारात येऊ लागली, की अशा पेठेतील आडतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचे वजन, लिलावात ठरलेला भाव, हमाली, तोलाई, वाहनाचे भाडे आणि आधी दिलेली उचल यांची नोंद करून पट्टी तयार करावी लागते. ही पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारा, त्याच्या मालाच्या मोलाचा लेखी पुरावा असल्यामुळे तिच्यातील नाव आणि आकडा अचूक असणे अत्यावश्यक असते. हे काम करणारे सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या दूरच्या संगणकावर अवलंबून ठेवले, तर जोडणी तुटताच लिलाव संपलेला असूनही हिशेब अडतो. म्हणून ते दुकानातल्या संगणकावरच बसवलेले, म्हणजे डेस्कटॉप सॉफ्टवेअर असणे अशा ठिकाणी अजूनही शहाणपणाचे ठरते.

अडचण अशी, की दुकानोदुकानीचे संगणक एकसारखे नसतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे चालू स्थितीतले असंख्य संगणक त्या आवृत्तीसाठी अपात्र ठरले. त्यांच्या मालकांपुढे नवे यंत्र घेणे, धोका पत्करून जुनी विंडोज चालू ठेवणे किंवा लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे असे मार्ग उरतात, आणि कोणत्या दुकानात कोणता मार्ग निवडला जाईल हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आधी कळत नाही. एकच सॉफ्टवेअर अनेक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावे, ही अपेक्षा त्यामुळे महानगरांतील कंपन्यांपुरती राहिलेली नसून ती बाजारपेठेच्या गावाचीही गरज झाली आहे.

पडद्यावर खिडकी उघडणे, बटण काढणे, कळफलकावरचे अक्षर स्वीकारणे, छपाईयंत्राकडे पान धाडणे या गोष्टी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीने करते, आणि विंडोजला दिलेली आज्ञा लिनक्सला किंवा ॲपलच्या मॅकओएसला समजत नाही. फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रामर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामधला तयार थर होय: प्रोग्रामरने त्या थराला एकदा ‘बटण दाखव’ असे सांगितले, की प्रत्येक प्रणालीवर ते कसे दाखवायचे याची काळजी तो थर घेतो. असे थर डझनांनी उपलब्ध आहेत, आणि त्यांची तुलना बहुतेक वेळा प्रोग्रामरच्या बाजूने केली जाते, म्हणजे शिकायला कोणते सोपे, काम कशात लवकर उरकते, नोकरीच्या बाजारात कशाला मागणी आहे. ही तुलना निरुपयोगी नाही, परंतु ती अपुरी आहे. कारण प्रोग्रामरने वाचवलेल्या वेळेची किंमत पुष्कळदा वापरणाऱ्याच्या संगणकाला स्मृती, वेग आणि जागा यांच्या रूपाने मोजावी लागते. निवड सुरू व्हायला हवी ती सर्वांत जुन्या यंत्रापासून, मराठी मजकुरापासून आणि नोंदी किती वर्षे टिकायला हव्यात या प्रश्नापासून.

उपलब्ध फ्रेमवर्कची विभागणी ती पडद्यावरच्या वस्तू कोणाकडून काढून घेतात यावरून करणे सर्वांत उपयोगी पडते. पहिल्या गटातील फ्रेमवर्क स्वतः काहीच रेखाटत नाहीत, तर त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमचेच बटण आणि त्याच याद्या वापरतात. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली एडिंबरा विद्यापीठात सुरू केलेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे या गटाचे ठळक उदाहरण असून, विद्युतमंडलांच्या आराखड्यांसाठी जगभर वापरले जाणारे किकॅड हे सॉफ्टवेअर त्यावर उभे आहे. दुसऱ्या गटातील फ्रेमवर्क रिकाम्या खिडकीत सर्व वस्तू स्वतः रेखाटतात, त्यामुळे सॉफ्टवेअरचे रूप सगळीकडे जवळजवळ सारखे राहते. ट्रोलटेक या नॉर्वेतील कंपनीने नव्वदच्या दशकात आणलेले क्यूटी, जावाचे स्विंग आणि गूगलचे फ्लटर ही या गटात मोडतात. तिसऱ्या गटाने मार्गच वेगळा धरला. संकेतस्थळे लिहिण्याचे तंत्र पुष्कळांना अवगत असते, म्हणून सॉफ्टवेअर संकेतस्थळासारखेच लिहावे आणि ते दाखवण्यासाठी एक अख्खा ब्राउझर त्याच्यासोबत बांधून द्यावा, ही त्यामागची कल्पना होय. गिटहबने २०१३ साली ॲटम शेल या नावाने सुरू केलेले आणि २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन असे नामकरण झालेले फ्रेमवर्क या कल्पनेवर चालते, आणि प्रोग्रामरांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेले व्हिज्युअल स्टुडिओ कोड त्यातच घडले आहे. ब्राउझर सोबत न देता संगणकात आधीपासून असलेला वापरणारे टॉरी हे फ्रेमवर्क २०२२ साली पहिल्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचले; त्यामुळे सॉफ्टवेअरचा आकार खूप लहान होतो, परंतु विंडोजवर एक ब्राउझर-यंत्रणा आणि लिनक्स व मॅकवर दुसरी, असा भेद पत्करावा लागतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या सर्व गटांची खरी परीक्षा देवनागरीत होते. रोमन लिपीत अक्षरे ज्या क्रमाने टंकली जातात त्याच क्रमाने एकापुढे एक मांडली, की शब्द तयार होतो. देवनागरीत तसे होत नाही. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, परंतु दाखवताना वेलांटी आधी यावी लागते; ‘र्म’ मधला रफार आधी साठवला जातो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो; जोडाक्षरांसाठी टंकातील वेगळी आकृती निवडावी लागते. साठवलेल्या अक्षरांपासून योग्य आकृत्या निवडून त्या योग्य जागी मांडण्याच्या या क्रियेला आकारण म्हणता येईल, आणि ती करणारी स्वतंत्र यंत्रणा फ्रेमवर्कमध्ये किंवा त्याखालच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असली तरच मराठी वाचनीय राहते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले, आणि जिस्ट कार्ड संगणकात बसवले की केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे प्रोग्रामही पडद्यावर भारतीय लिप्या दाखवू लागत. आकारणाचे काम प्रोग्रामरवर न सोपवता त्याच्या खालच्या थरात एकदाच आणि नीट करावे, ही त्यामागची दृष्टी होती, आणि ती आजही तितकीच योग्य वाटते. त्यानंतरच्या काळात मात्र प्रत्येक टंक-कंपनीने देवनागरीसाठी स्वतःची सांकेतिक पद्धत वापरली, त्यामुळे एका टंकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक दिसू लागला, आणि त्या काळातील अनेक नोंदी आजही वाचण्यासाठी आधी रूपांतरित कराव्या लागतात. युनिकोडने साठवणुकीचा प्रश्न सोडवला, आणि आकारणाची बाजू अलीकडे हार्फबझ या मुक्त यंत्रणेने सांभाळली आहे. क्यूटी, फ्लटर, क्रोम ब्राउझरचा गाभा आणि पर्यायाने इलेक्ट्रॉन ही सर्व हार्फबझ वापरतात. जावानेही २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून तिचाच स्वीकार केला.

तरीही सर्व फ्रेमवर्क या बाबतीत सारखे आहेत असे समजणे महागात पडू शकते. पायथन ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला खिडक्या काढण्यासाठी सर्वप्रथम जे हाती लागते ते टीकेइंटर, कारण ते पायथनसोबतच येते. ते ज्या टीके या जुन्या फ्रेमवर्कवर उभे आहे, त्याच्या आठव्या मालिकेत लिनक्सवर देवनागरीचे आकारणच होत नाही. परिणामी विंडोजवर नीट दिसणारे शेतकऱ्याचे नाव त्याच प्रोग्रामने लिनक्सवर दाखवले की वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि जोडाक्षरे हलन्तांसह सुटी पडतात. प्रोग्राम दोन्हीकडे ‘चालतो’, कोणतीही त्रुटी नोंदवत नाही, आणि तरीही मराठी माणसासाठी तो एकाच ठिकाणी चाललेला असतो. इंग्रजीतून लिहिल्या जाणाऱ्या तुलनात्मक परीक्षणांत हा मुद्दा सहसा येत नाही, म्हणून मराठी प्रोग्रामरने तो स्वतः तपासणे अगत्याचे आहे.

आकारण नीट झाले तरी मराठीच्या आणखी दोन गरजा उरतात. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांसारख्या आडनावांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो: एक प्रकार ऱ या स्वतंत्र अक्षराचा आणि दुसरा साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा. दोन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द असतात. त्यामुळे एका कळफलकावरून नोंदलेले कुऱ्हाडे दुसऱ्या कळफलकावरून शोधले तर सापडत नाहीत, आणि त्याच शेतकऱ्याचे दुसरे खाते उघडले जाऊन त्याची उचल एका खात्यात आणि मालाची रक्कम दुसऱ्या खात्यात जमा होण्याचा धोका उद्भवतो. हा दोष कोणतेही फ्रेमवर्क आपणहून दूर करत नाही. नाव साठवण्यापूर्वी ते एकाच रूपात आणण्याची व्यवस्था प्रोग्रामरलाच करावी लागते. दुसरी गरज क्रमाची आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ ही अक्षरे ह नंतर येतात, तर युनिकोडच्या कोष्टकात ळ हे ल च्या लगेच नंतर आहे, म्हणून केवळ कोष्टकानुसार लावलेली नावांची यादी मराठी माणसाला विस्कळीत वाटते. मराठी क्रमाचे नियम आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-संग्रहात दिलेले आहेत, आणि ब्राउझरवर आधारलेल्या फ्रेमवर्कमध्ये ते थेट वापरता येतात. इतकेच नव्हे, तर भाषा मराठी ठेवली की रक्कम देवनागरी अंकांत आणि लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह आपोआप छापली जाते. इलेक्ट्रॉनवर त्याच्या जडपणाबद्दल टीका करणाऱ्यांनी त्याची ही जमेची बाजू प्रामाणिकपणे मान्य करायला हवी.

जडपणाचा आक्षेप मात्र खरा आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन सॉफ्टवेअर आपला स्वतंत्र ब्राउझर घेऊन येत असल्यामुळे एखादी साधी नोंदवहीदेखील डिस्कवर शंभर मेगाबाइटांहून अधिक जागा व्यापू शकते आणि चालताना काहीशे मेगाबाइट स्मृती अडवू शकते. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या नव्या यंत्रावर हे जाणवत नाही, परंतु चार गिगाबाइटांच्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम, विषाणूरोधक आणि हिशेबाचे दुसरे सॉफ्टवेअर चालू असताना लिलावाच्या घाईत पडदा अडखळू लागतो. जुन्या विंडोजचा प्रश्न त्याहून निर्णायक आहे: इलेक्ट्रॉनने फेब्रुवारी २०२३ मधील २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ यांना वगळले, क्यूटीची सहावी मालिका विंडोज १० पासून पुढेच चालते, आणि टॉरी विंडोजवर वापरत असलेल्या ब्राउझर-यंत्रणेनेही त्याच सुमारास जुन्या आवृत्त्या सोडल्या. ज्यांना विंडोज ७ चे यंत्र काही वर्षे अधिक चालवायचे आहे, त्यांच्यासाठी क्यूटीची पाचवी मालिका, डब्ल्यूएक्सविजेट्स किंवा जावाची आठवी आवृत्ती हे मार्ग उरतात. मात्र सुरक्षिततेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या विंडोजवर पैशांच्या नोंदी ठेवण्यापेक्षा त्याच यंत्रावर हलके लिनक्स बसवणे अधिक हितावह आहे, आणि सॉफ्टवेअर अनेक प्रणालींवर चालणारे असण्याचा प्रत्यक्ष लाभ इथेच दिसून येतो.

महाराष्ट्रात घडलेली दोन सॉफ्टवेअर या निवडीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला बरेच शिकवतात. पहिले आहे ऑस्डॅग. आयआयटी मुंबईच्या स्थापत्य अभियांत्रिकी विभागात प्रा. सिद्धार्थ घोष यांच्या नेतृत्वाखाली आणि तेथील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या आधाराने विकसित झालेले हे सॉफ्टवेअर पोलादी बांधकामांच्या जोडांची आणि घटकांची रचना आयएस ८००:२००७ या भारतीय मानकानुसार करून देते. ते पायथनमध्ये लिहिलेले असून त्याच्या खिडक्यांसाठी क्यूटीची पायथन-आवृत्ती आणि त्रिमितीय आकृत्यांसाठी ओपनकॅस्केड ही भूमितीय यंत्रणा वापरली आहे, आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींवर ते चालते. पडद्यावर फिरवून पाहता येणारी त्रिमितीय आकृती, बाजूला आकड्यांचे अर्ज आणि शेवटी छापण्याजोगा अहवाल अशा गुंतागुंतीच्या कामासाठी स्वतः रेखाटणारे, प्रौढ फ्रेमवर्क निवडणे हा सुविचारित निर्णय होता. शिवाय पायथनमुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यात भर घालता आली, जी गोष्ट केवळ निष्णात प्रोग्रामरांना समजणाऱ्या भाषेत अवघड झाली असती.

दुसरे सॉफ्टवेअर आडतीच्या कामाला अधिक जवळचे आहे. मुंबईतील कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने आणि डिजिटल फ्रीडम फाउंडेशनच्या माध्यमातून घडलेले जीएनयूखाता हे मुक्त हिशेब-सॉफ्टवेअर लहान व्यावसायिक व संस्था यांच्यासाठी आहे. त्याची रचना दोन स्वतंत्र भागांची आहे: जमाखर्चाचे नियम आणि नोंदी सांभाळणारा गाभा पायथनमध्ये, पोस्टग्रेस या माहितीकोशावर उभा आहे, आणि वापरणाऱ्याला दिसणारा भाग त्याच्याशी ठरावीक संदेशांद्वारे बोलतो व ब्राउझरमध्ये उघडतो. गाभा दुकानातल्याच संगणकावर बसवला तर इंटरनेटची गरज राहत नाही, आणि ब्राउझर सर्व प्रणालींवर असल्यामुळे वेगळ्या डेस्कटॉप फ्रेमवर्कचीही गरज कमी होते. या रचनेतील विभाजन हे कोणत्याही फ्रेमवर्कच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, कारण दर्शनी भाग कधीही जुना होऊ शकतो, परंतु खतावणीचे नियम तसेच राहतात, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले असले की एक टाकताना दुसरेही टाकावे लागते.

माने यांच्या उदाहरणावरून आणखी एक कसोटी समोर येते. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचेच बटण वापरणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये ते बटण स्क्रीन रीडरला आधीपासून ओळखीचे असते; एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर स्वतःच्या खिडक्यांसाठी डब्ल्यूएक्सविजेट्स वापरतो, यात नवल नाही. स्वतः रेखाटणाऱ्या फ्रेमवर्कला मात्र प्रत्येक वस्तूची ओळख वेगळी पुरवावी लागते, आणि क्यूटीसारख्या जुन्या फ्रेमवर्कने ते काम केलेले असले तरी एखाद्या नव्या, दिसायला आकर्षक फ्रेमवर्कमध्ये ते राहून गेलेले असू शकते.

फ्रेमवर्कचे आयुष्य हा विषय प्रोग्रामरांच्या चर्चेत शेवटी येतो; हिशेबाच्या दृष्टीने तो पहिला असायला हवा. मायक्रोसॉफ्टच्या १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६ चा पाठिंबा २००८ मध्ये, व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये आणि सिल्व्हरलाइटचा २०२१ मध्ये संपला, आणि यांपैकी प्रत्येकावर विसंबून लिहिलेली सॉफ्टवेअर निराधार झाली. एका कंपनीच्या निर्णयावर अवलंबून राहण्याचा हा धोका क्यूटीच्या बाबतीत काही प्रमाणात कमी झाला, तो क्यूटीवर उभारलेल्या केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉप-प्रकल्पामुळे. क्यूटीचा परवाना सुरुवातीला पूर्णतः मुक्त नसल्यामुळे १९९७ साली नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प उभा राहिला, आणि १९९८ मध्ये केडीई व ट्रोलटेक यांच्यात असा करार झाला, की क्यूटीची मुक्त आवृत्ती बंद पडल्यास ती अतिशय उदार परवान्याखाली सर्वांना खुली करण्याचा अधिकार एका स्वतंत्र प्रतिष्ठानाला मिळेल. पुढे क्यूटी २००० साली जीपीएल आणि २००९ साली एलजीपीएल या परवान्यांखाली उपलब्ध झाले. यांतील पहिला परवाना सॉफ्टवेअरचा स्रोत ग्राहकाला देण्याची अट घालतो, तर दुसरा काही अटी पाळून स्वतःचा स्रोत बंद ठेवू देतो. पायथनमध्ये लिहिणाऱ्याने म्हणूनच पायक्यूटी आणि पायसाइड यांतील भेद कामाला लागण्यापूर्वी समजून घ्यावा, कारण पहिल्याचा विनामूल्य परवाना जीपीएल आहे आणि दुसऱ्याचा एलजीपीएल.

नोंदी साठवण्याच्या बाबतीत निवड तुलनेने सोपी आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला एसक्यूलाइट हा माहितीकोश संपूर्ण हिशेब एकाच फाइलमध्ये ठेवतो, ती फाइल विंडोजवरून लिनक्सवर जशीच्या तशी नेता येते, आणि किमान २०५० सालापर्यंत ती वाचता येईल अशी त्याच्या निर्मात्यांची घोषित बांधिलकी आहे. पेनड्राइव्हवर रोज एक प्रत काढून ठेवणे हे ज्या दुकानात एकमेव संरक्षण असते, तिथे या साधेपणाचे मोल मोठे आहे.

या सर्वांचा विचार करता, पाचोडसारख्या पेठेसाठी नव्याने पट्टीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गाभा पायथनमध्ये व एसक्यूलाइटवर आणि दर्शनी भाग पायसाइडमध्ये, म्हणजे क्यूटीवर घडवणे हा आज सर्वांत संतुलित मार्ग दिसतो. संकेतस्थळांचे तंत्र आधीच अवगत असलेल्या प्रोग्रामरसाठी टॉरी हा त्याच्या जवळ जाणारा पर्याय आहे. वस्तू व सेवा कर, ताळेबंद आणि वार्षिक विवरण यांचे काम त्यात कोंबू नये, कारण ते टॅलीवर करणारे हिशेबनीस गावोगाव आहेत आणि टॅली एक्सएमएल स्वरूपातील नोंदी बाहेरून स्वीकारते. परंतु निर्णय पक्का करण्यापूर्वी निवडलेल्या फ्रेमवर्कमध्ये केवळ एका खिडकीचा नमुना तयार करून तो गावातल्या सर्वांत जुन्या चालू संगणकावर, आधी विंडोजवर आणि मग लिनक्सवर, उघडून पाहावा. त्यात कुऱ्हाडे हे नाव दोन वेगळ्या कळफलकांवरून टंकून शोधावे, गावांची यादी मराठी क्रमाने लागते का हे पाहावे, आणि पट्टी दुकानातल्याच छपाईयंत्रावर काढावी. डॉट मॅट्रिक्स यंत्र असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याच्या अंगभूत अक्षरसंचात देवनागरी सहसा नसते आणि मजकूर चित्ररूपाने पाठवावा लागत असल्यामुळे छपाई किती मंदावते हे कागद बाहेर आल्याशिवाय कळत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हा टंक मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तो सॉफ्टवेअरसोबतच देता येतो, म्हणजे संगणकात कोणते टंक आहेत यावर पट्टीचे रूप अवलंबून राहत नाही.